जीपची पुढची सीट

पूर्णा, १२ जानेवारी

विहीणबाई कमलबाई यांस पूर्ण्याहून सरजाबाईचा जयभीम.

पाकिटावर माझं नाव बघून तुमी चष्मा पुसला असंल. पुसा. पहिलं फोन केला की 'बरं बरं, ठेवते' म्हणून ठेवायच्या, न मागच्या सालापासून तर उचलीतच न्हाईत. चिठ्ठीचं बरं असतंय, तिला मधीच बंद करता येत न्हाई. फाडायची म्हणलं तरी वाचूनच फाडताल. अक्षर माझंच हाय. तिसरी शिकलेली बाई मी, जोडाक्षर आलं की वढ्यापशी बैल थांबावा तशी थांबते. निकिताला लिही म्हणलं असतं तर तिनं गोड करून लिहिलं असतं, न मला गोड लिहायचं न्हाई.

तर खुशखबर ही की माझी नात निकिता माझ्याकडं राहायला आली. संभाजीनगरची कंपनी तिनं सोडली. दुसरी नोकरी मिळंस्तोर आजीकडं राहते म्हणली. परभणीत आईबापाचं घर हाय, पाथरीत तुमी हायत, तरी पोरगी पूर्ण्याला आली. पाचवीपासून दहावीपर्यंत तुमी तिला शाळंच्या नावाखाली ठिवून घेतली होती. तवा मी 'पोरगी पळवली' म्हणले, न तुमाला त्याचा राग आला. आता कोणी पळवली न्हाई. आपल्या पायानं आली.

निकितानं दुरुस्तीला मागवलेली तुमची जीप पोचली. टेम्पोतून उतरवताना निम्मी गल्ली जमली. सिटाखाली कोंबड्यांची पिसं निघाली, ती मी गुपचूप झाडली, कोणाला बोलले न्हाई. गुरुजी गेल्यापासून तिला किल्लीच लागली न्हाई म्हणं. तुमच्या मालकाचा, भगवानराव गुरुजींचा रुबाब मला याद हाय. तुमाला बाजूला बसवून वालूरच्या बाजारातून जीप काढायचे, न तुमी डोक्यावरून पदर घेऊन अशा बसायच्या जशी काय कलेक्टरीणबाई. आमचे हे रेल्वेत फिटर. फुकट पास होता, लांब लांब फिरले मी, पण रेल्वेत कोणी बाजूला बसवून मिरवीत न्हाई.

आता ती जीप आमच्या ह्यांच्या पत्र्याच्या शेडात हाय. ह्यांचे पाने, ह्यांची जड सामान उचलायची चेनकप्पी, सगळं निकिताच्या हातात. जुनीला आता क्लासिक म्हणतेत म्हणं. मग मी बी क्लासिकच.

जुनं इंजिन गंजून एकजीव झालं होतं, ते काढलं. दुसरं बसवलं ते आमच्याकडचं. माझ्या बहिणीचा पोरगा चंद्रभान, स्टेशन रोडला त्याचं गॅरेज हाय. त्याची पिकअप कालव्यात पलटी झाली, डबा चेपला पण इंजिन धडधाकट राहिलं. ते त्यानं दिलं. म्हणजे गाडी तुमची, इंजिन माझं. न आता मजा ऐका, दोघांचं पटना.

स्टेअरिंगपासून एक दांडा तिरपा खाली उतरतो न पुढची चाकं वळवतो. तुमच्या इंजिनाला त्या अंगाला काई नव्हतं. माझ्या इंजिनाचा धूर जायचा जाड पाईप नेमका तिथंच. दांडा पाईपाला टेकला. वरून आणखी, इंजिनाच्या बुडाला तेलाचं भांडं असतंय, चेंबर म्हणतेत त्याला, ते खालच्या आडव्या दांड्यावर जाऊन बसलं. स्टेअरिंग फिरवलं की खरड खरड. इंजिन वर उचलावं तर बोनेट लागत न्हाई.

चंद्रभान म्हणला, "चेंबर कापू. न इंजिन दोन इंच डावीकडं सरकवू, दांडा मोकळा. एका दिवसाचं काम."

निकिता म्हणली, "काका, डावीकडं सरकवलं की गिअरबॉक्सचा फुगवटा पुढं बसणाराच्या पायात येतो."

"मग बसणारानं पाय जवळ घ्यावा."

"न्हाई घेता येत. पाय लांब सोडता आला पायजे."

"मग बस तू वर्षभर कानशी घासत."

मी ज्वारी निवडायलते तिथं बसून. ऐकलं न डोळ्याला पदर लावला. माझे गुडघे धरतेत हे पोरीला ठाऊक हाय. एका आजीच्या गुडघ्यासाठी तिनं एका दिवसाचं काम महिन्याचं करून घेतलं. असं कोणी कोणासाठी करतंय का सांगा.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर याच जीपमधी राहणार, मंडळानं कबूल केलंय. चालवणार निकिता. तिच्या बाजूला पुढच्या सिटावर कोण, हे ती बोलली न्हाई. बोलायची गरजच काय. मी पांढरं लुगडं धुऊन इस्त्रीला दिलंय.

तुमाला कळावं म्हणून लिहिलं. पाणी पिऊन घ्या.

सरजाबाई


पूर्णा, ८ फेब्रुवारी

कमलबाई, जयभीम.

तुमचं उत्तर न्हाई. मी बी वाट बघितली न्हाई. पोस्टमनला रोज विचारते ते दुसऱ्या कामासाठी.

चेंबरचं काम फत्ते झालं. पुढून कापलं, न जेवढं कापलं तेवढं मागून खोल केलं, तेल तेवढंच मावलं पायजे न. मग जोड गळतो का हे बघायला निकितानं बाहेरून खडू फासला न आत रॉकेल भरून ठिवलं. जिथं बारीक छेद तिथं खडू ओला होतो. सकाळी बघितलं तर दोन जागी ओला. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा खडू. तिसऱ्या खेपेला कोरडा राहिला तवा पोरगी अशी नाचली जसं काय बोर्डात नंबर आला. मी जाऊन शेडातच गूळ-शेंगदाणे वाटले.

राहिला तो वरचा दांडा. पाईप न दांड्यात फट किती ते बघायला तिथं बोटसुद्धा शिरत न्हाई. तर पोरगी स्वयंपाकघरात आली न म्हणली, "आजी, कणकेचा गोळा दे." मला वाटलं भूक लागली. तिनं तो गोळा पाईपाला चिकटवला न स्टेअरिंग पार डावीकडं, पार उजवीकडं फिरवलं. गोळा काढून बघितला तर दांड्यानं आरपार चरा पाडलेला. चंद्रभान म्हणला, "मावशी, लाटा आता ह्याची पोळी न वाढा तुमच्या इंजिनेराला." पोरगी पण हसली, पण गोळा फेकला न्हाई, उजेडात धरून बघत बसली. सरकवायचं म्हणलं तर अजून बी न्हाईच म्हणती. दांडा मधून कापून दोन जोड घालते म्हणती, जोडापशी दांडा मनगटासारखा वळंल न पाईपाला वळसा घालून जाईल. आपल्या मनगटासारखा म्हणून मला हात फिरवून दाखवला.

आता एक बोलायचं हाय. संध्याकाळी हात धुतले की पोरगी फोन घेऊन शेडाच्या मागं जाती. "मोठी आजी, आज असं झालं, मोठी आजी, आज तसं झालं." मोठी आजी. मी तुमच्यापेक्षा दोन सालानं मोठी हाय, कमलबाई. तुमी उंच म्हणून मोठी आजी, न मी नुसती आजी, जशी नुसती भाजी. काल विचारलं, काय म्हणली ग तुझी मोठी आजी? म्हणती, "काई न्हाई, तुझी खुशाली विचारली." माझी खुशाली न तुमी. दिवसभर ती माझ्या घरात राहती, माझं खाती, माझ्या साबणानं हात धुती, न हात धुतल्यावर जे हसू येतंय ते तुमच्यासाठी.

परवा धपाटे केले. खाल्ले तीन, न काय म्हणती, "मोठी आजी ह्याच्यात तीळ घालती." चौथं मी तिच्या ताटातून उचलून गाईला दिलं.

पण खरी गोष्ट पुढं हाय. जीपच्या पुढच्या सिटावर तिनं बांबूची एक काठी आडवी ठिवलीय. एक टोक सिटाच्या पाठीला, दुसरं समोरच्या पत्र्यापशी. रोज काम झालं की ती काठी ठिवून बघती, टेकती का म्हणून. मी बसून बघितलं. माझा पाय काठीच्या टोकापर्यंत जात न्हाई. म्हणलं, "एवढी जागा कशाला ग?" म्हणली, "असू दे आजी, मोकळं बरं."

किती जपती बघा मला. तुमाला जपायची का हो एवढी, पाथरीत असताना?

सरजाबाई


पूर्णा, २ मार्च

कमलबाई,

काल शेवग्याच्या शेंगा उतरवायच्या होत्या. आकडी मोडलेली. मी जीपमधली ती काठी घेतली न टोकाला विळा बांधावा म्हणून चार बोटं तासली. निकितानं बघितलं न अशी ओरडली की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"आजी, ते मोठ्या आजीच्या पायाचं माप हाय."

मी विळा खाली ठिवला. "कोणाच्या?"

मग कळलं सगळं. मागच्या होळीच्या सुमाराला तुमी न्हाणीत पडल्या. मांडीत सळई घातली. गुडघा वाकत न्हाई, पाय सरळ काठीसारखा. रिक्षात मावत न्हाई, एसटीची पायरी चढवत न्हाई, कोणाच्या मोटारीत बसावं तर पाय दारात अडकतो. दवाखाना सोडला तर तवापासून तुमी उंबऱ्याबाहेर न्हाईत. म्हणून ही जीप. म्हणून डावीकडं सरकवायचं न्हाई. पाय लांब सोडता आला पायजे, तो पाय माझा नव्हता.

सिद्धोधनला ठाऊक, नीलमला ठाऊक. माझा लेक न माझी सून. मलाच ठाऊक न्हाई. नीलमला फोन लावला न म्हणलं, "तुझी आई पडली न मला सांगावं वाटलं न्हाई?" ती म्हणली, "आईनंच शपथ घातली होती. सासूबाईंना सांगू नका, त्या म्हणतील बरी जिरली."

मी असं म्हणलं असतं का? म्हणलं असतं. खोटं कशाला लिहू. पण म्हणून झाल्यावर दोन रोजानं मेथीचे लाडू घेऊन पाथरीच्या गाडीत बसलेच असते न. तो मोका तुमी माझ्याकडून काढून घेतला.

माझे गुडघे धरतेत ते कोणी बांबूनं मोजले न्हाईत. माझे वाकतेत, हा माझा कसूर. तुमाला न्हाणीत पडून सुद्धा पोरगी मिळाली न मला दोन वेळचं रांधून मिळाली न्हाई. लुगडं इस्त्रीवाल्याकडून आलं होतं, ते पेटीत घातलं.

मिरवणुकीत पुढं तुमी बसणार हे पण तिनं सांगितलं. "आजी, तू मागं बस न तसबीर धर, मान असतो त्याला." मान मला शिकवती.

राग लय आलाय. न तुमच्या पायाचं वाईट बी वाटायलंय, म्हणून राग नीट येत बी न्हाई. पायाला तेल लावून द्यायला कोणी हाय का तिथं? उत्तर देऊ नका.

सरजाबाई


पूर्णा, १६ मार्च

विहीणबाई, जयभीम.

चांगली खबर हाय म्हणून लगेच लिहिते. जीपचं काम झालं.

निकिता ते मनगटाचे जोड आणायला परभणीला गेली न दोन रोज आईकडं राहिली. हिकडं चंद्रभाननं इंजिन डावीकडं सरकवून टाकलं. चेनकप्पीनं उचललं, इंजिन ज्याच्यावर बसतंय ते खालचे ब्रॅकेट कापले, नव्या जागी वेल्डिंग केले, पायापशी पत्रा कापून फुगवट्याला जागा करून दिली. दांडा न पाईपात आता हात जातो. स्टेअरिंग एका बोटानं फिरतं. मी फिरवून बघितलं.

पुढच्या सिटाला पायापशी थोडी जागा कमी झाली. गाडीचं काम हाय, एकीकडं वाढवलं की एकीकडं कमी होणारच. तुमाला मागं बसावं लागंल. मागं आडवं बाकडं हाय, त्याच्यावर पाय लांब करून छान बसता येतंय. पाठीला मी उशी देईन. तसबीर बी तिथंच राहणार, मान असतो त्याला.

निकिता आली न तिनं बघितलं. ती काठी सिटावर ठिवली, ती मावली न्हाई. मग काठी शेडाच्या कोपऱ्यात उभी केली. चंद्रभानला म्हणली, "काका, काम साफ झालंय." कोणी सांगितलं, कामून सांगितलं, काई विचारलं न्हाई. शहाणी पोरगी हाय. परभणीहून आणलेले जोड पिशवीतच हायत अजून.

चार रोज झाले ती जरा कमी खाती. ऊन वाढलंय. काल धपाट्यात तीळ घातले होते. दीड खाल्लं.

संध्याकाळचा फोन पण हल्ली करत न्हाई. तुमची तब्येत बरी हाय न? म्हणून विचारलं.

सरजाबाई


पूर्णा, ४ एप्रिल

कमलबाई, जयभीम.

तुमची चिठ्ठी मागल्या आठवड्यात आली. पोस्टमननं गल्लीच्या तोंडापासूनच हाक दिली, "आजी, आलं तुमचं दुसरं काम." काय ते अक्षर, मोत्याचे दाणे. चारच ओळी. 'निकितानं फोन करून सांगितलं की तिच्याच मापात चूक झाली म्हणून इंजिन सरकवावं लागलं. तिला रागवू नका. पुढं तुमीच बसा. मी पाथरीतून फोनमधी मिरवणूक बघीन.'

त्याच्यात माझ्याविषयी एक वाकडा शब्द न्हाई. मला लय राग आला. मी चार चिठ्ठ्यांत तुमाला टोचलं, न तुमी चार ओळींत मला गार केलं.

पोरीची चूक झाली न्हाई. माप बरोबर होतं. ती परभणीला असताना चंद्रभाननं विचारलं, "मावशी, किती रोज अडकून पडायचं, सरकवू का?" न मी म्हणले, "सरकव, निकितानंच निरोप दिलाय." त्याला तुमच्या पायाचं काई ठाऊक नव्हतं. मला होतं. तुमी पुढं बसू नये म्हणून मी म्हणले. लिहिलं एकदाचं.

न पोरगी काय करती, तर माझी चूक आपल्या अंगावर घेऊन तुमच्याशी खोटं बोलती. तुमच्याशी, मोठ्या आजीशी, जिच्याशी ती आजवर खोटं बोलली न्हाई. वाचून मला घटकाभर गुदगुल्या झाल्या. म्हणलं, सरजे, जिंकलीस. माझ्यासाठी तिनं तुमाला फसवलं. सांगू का, अजून बी त्याची जराशी खुशी हाय, ती काई जात न्हाई.

पण त्याच रोजी तिनं मला गाडीत बसवून नदीच्या पुलापर्यंत नेलं, गाडी कशी चालती ते बघायला. मी पुढं. पेटीतलं लुगडं काढून नेसले होते. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळायलती. फुगवट्यावर माझे पाय छान टेकले, जसं काय माझ्याच मापाचा केला. रस्त्यानं दोघी-तिघींनी हात केला, मी पदर सावरला, कलेक्टरीणबाईसारखी बसले. न पोरगी पुलापर्यंत गेली, वळली, घरापर्यंत आली, एक शब्द बोलली न्हाई. इतके रोज ज्या सिटाची वाट बघितली, त्याच्यावरून मला कवा उतरते असं झालं.

उतरून म्हणलं, "निकिता, चंद्रभानला मी सांगितलं होतं."

"ठाऊक हाय आजी."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू रडली असतीस, मी तुला गप केलं असतं, न इंजिन तिथंच राहिलं असतं."

"मग आता?"

"आता तू काकाला सांग. मी सांगितलं तर ते ऐकणार न्हाईत. इंजिनाला पुन्हा हात लावीन तर नाव बदलीन म्हणलेत."

मी तशीच लुगड्यावर स्टेशन रोडला गेले. चंद्रभान एका ट्रॅक्टरखाली झोपला होता. पायाला धरून ओढला.

"चंद्रभान, इंजिन पहिल्या जागी घे."

"मावशी, इंजिन हाय का पाटा-वरवंटा? आज हिकडं, उद्या तिकडं."

"घे म्हणलं न."

"पण कामून?"

"विहीणबाईचा पाय वाकत न्हाई."

"तुमचं तर विहीणबाईशी बोलणं न्हाई."

"बोलणं न्हाई, पाय तर हाय."

तो उठून बसला न म्हणला, "मावशी, ट्रॅक्टर झाला की येतो. पण जेवायला काळ्या मसाल्याचं मटण पायजे." दिलं. लय खातो मेला.

तर ब्रॅकेट पुन्हा कापले, इंजिन पुन्हा जागेवर आलं, पत्रा ठोकून सरळ केला. जोड लागले तो दिवस मात्र वाया गेला. दांडा पाईपाला वळसा घालून गेला खरा, पण दोन जोडांमधला तुकडा लुळा पडला, हिंदकळायला लागला. त्याला मधी आधार पायजे. चंद्रभाननं एक बेअरिंग घालून तो आधार इंजिनालाच ठोकून दिला. इंजिन चालू केलं तर स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं, जसं हिवताप भरावा. इंजिन रबरावर बसतंय, ते हलणारच. निकिता म्हणली, "काका, हलणाराला धरून कोणी उभं राहतं का?" मग आधार खालच्या चौकटीला, चेसिसला लावला. थरथर बंद.

मग पुन्हा बघितलं. पार डावीकडं, पार उजवीकडं, पुढं चंद्रभान न त्याचे दोन गडी बसवून गाडी दाबून, इंजिन जोरात रेस करून, कारण रेस केलं की इंजिन एका अंगाला कलतं न फट कमी होती. फट राहती, माझी करंगळी जाईल एवढी. पाईपाची धग लागू नये म्हणून मधी पत्र्याचा पडदा दिला. आता कुठंच काई घासत न्हाई. तुमची गाडी न माझं इंजिन, दोघं गुमान नांदायलेत.

शेवटी पोरगी पुढच्या सिटावर बसली, एक पाय ताठ लांब केला न तसाच धरून ठिवला. म्हणलं, काय करायलीस? म्हणली, "मोठ्या आजीला कुठं टोचंल ते बघायलीय." मी आत जाऊन गोधडीची जाड घडी आणली न टाचेखाली दिली. ती घडी तिथंच राहणार हाय. माझ्या हातची हाय, हे लक्षात ठिवा.

आता कान देऊन वाचा. येत्या बुधवारी आमी दोघी पाथरीला येतो तुमाला न्यायला. पूर्ण्याहून परभणी, परभणीहून मानवत, मानवतहून पाथरी, हा सगळा रस्ता पुढच्या सिटावर मी बसणार. ह्याच्यावर वाद न्हाई. तुमच्या दारात आले की उतरीन, न मग ती सीट तुमची. येताना मी मागं बसीन न सारा वेळ बोलीन, तुमी मधी मधी हूं म्हणा. जयंतीपर्यंत तुमचा मुक्काम माझ्याकडं. न्हाणीत मी फरशीवर पोतं टाकलंय, खुर्ची ठिवलीय. पायाला तेल मी लावीन. तीळ तुमी आणा, धपाट्यात किती घालायचे ते एकदा समोर करून दाखवा, मी नुसतं बघीन, शिकणार न्हाई.

मिरवणुकीत पुढच्या सिटावर तुमी बसा. खुशीनं सांगते, निम्म्या खुशीनं. मंडळाच्या बायकांनी मला मागं तसबिरीपशी बस म्हणलं, मी न्हाई म्हणले. मी निळा झेंडा घेऊन जीपच्या म्होरं चालणार. गाडी चालणाराच्या चालीनं जाती, मला जमतंय. आमचे हे होते तवापासून मी त्या रस्त्यानं चालत आलेय.

तुमी तिच्या बाजूला बसा, पदर घ्या, मिरवा. पण एक सांगून ठिवते, विहीणबाई. गाडी चालवणाराची नजर बाजूला नसती. स्टेशनपासून पुतळ्यापर्यंत पोरगी माझ्याकडंच बघत येणार हाय.

बुधवारी भाकरी टाकून ठिवा. मी भुकेली येते.

सरजाबाई